घड्याळाकडे बघून होणारा रियाज

तबला शिकणाऱ्यांत आणि त्यांच्या घरच्यांत एक समजूत इतकी घट्ट बसली आहे की तिच्याविषयी कुणाला शंकाही येत नाही. जो जास्त तास बसतो तो मोठा वादक होतो, ही ती समजूत. रोज आठ तास, दहा तास, कुणी त्याहून पुढे. अलीकडे तिला एक आकडाही मिळाला आहे : दहा हजार तास. एवढे तास भरले की हात तयार होतोच, असे मला आजवर क्लासबाहेर ताटकळणाऱ्या पालकांनी, महाविद्यालयीन मुलांनी आणि चक्क शिकवणाऱ्या लोकांनीही सांगितले आहे. मी ते दर वेळी शांतपणे ऐकू शकत नाही. कारण या समजुतीपायी मेहनती मुले वर्षानुवर्षे तीच चूक हातात मुरवत बसतात आणि शेवटी ‘आपल्यात तो गुणच नाही’ म्हणून जोडी माळ्यावर टाकतात.

आधी या आकड्याचा उगम पाहू. १९९३ साली अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध केले. पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी त्यांनी अभ्यासले होते. त्यांतले सर्वोत्तम विद्यार्थी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजारांहून अधिक तास एकट्याने सराव करून चुकले होते. ही सरासरी होती. त्या उत्तम गटातल्या निम्म्या विद्यार्थ्यांचा आकडा तोवर दहा हजारांना पोचलाही नव्हता, हे पुढे एरिक्सननेच स्पष्ट केले. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या गाजलेल्या पुस्तकाने त्या सरासरीचा नियम करून टाकला आणि नियम जगभर पसरला. मूळ संशोधकाला तो मान्य नव्हता. २०१६ मध्ये ‘पीक’ या पुस्तकात त्याने तसे सविस्तर लिहिले. त्याचा सगळा भर सराव कसा होतो यावर होता : आपल्याला आत्ता जे जमत नाही नेमके तेच समोर घेणे, पूर्ण लक्ष देणे, चूक लगेच कळण्याची सोय करणे आणि ती सुधारणे.

त्याच १९९३ च्या संशोधनातली जी गोष्ट कुणी सांगत नाही, ती रियाज करणाऱ्याने खरी लक्षात ठेवायला हवी. ते उत्तम व्हायोलिनवादक दिवसाला साधारण साडेतीन तास एकट्याने सराव करत होते, तेही मध्ये विश्रांती घेऊन, तुकड्या-तुकड्यांनी. आणि मागे पडलेल्या गटापेक्षा ते जास्त झोपत होते. दुपारची डुलकीही काढत होते.

मग तासांना काहीच किंमत नाही का? आहे. न बसता कुणाचाही हात तयार झालेला नाही, होणारही नाही. पण किंमत किती, हेही मोजले गेले आहे. २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. संगीतात माणसामाणसांतल्या कौशल्याचा जो फरक दिसतो, त्यातला सुमारे २१ टक्के फरक सरावाच्या प्रमाणाशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. ही मोठीच गोष्ट आहे. पण उरलेला फरक नुसत्या तासांच्या हिशेबात बसत नाही, एवढेही त्यातून कळते.

तरी ‘आपल्याकडचं वेगळं आहे’ हा युक्तिवाद येतोच. चिल्ल्याचा दाखला दिला जातो : चाळीस दिवस जगापासून दूर राहून केलेला अखंड रियाज. त्या परंपरेबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण चिल्ला हा वर्षानुवर्षांच्या तालमीनंतर, निकास शुद्ध झाल्यावर, गुरूच्या आज्ञेने करायचा प्रकार आहे. ज्याचा ‘ना’ अजून किनारीवर नीट वाजत नाही, त्या मुलाने सुटीत चिल्ला करायचा म्हणजे चाळीस दिवस चुकीचा ‘ना’ पक्का करायचा. याला गुरूची परंपरा म्हणू नये.

दुसरा दाखला उस्ताद झाकिर हुसेन यांचा. पहाटे तीनच्या सुमारास अब्बाजी उठवायचे आणि शाळेपूर्वी काही तास तालीम चालायची, ही हकीकत सगळ्यांना पाठ असते. पण झाकिरभाईंनी स्वतः मुलाखतींतून जे सांगितले, ते नीट ऐका. माहीमच्या घरातल्या त्या पहाटे वडील उस्ताद अल्लारखाँ आणि सात वर्षांचा मुलगा तबला वाजवत बसत नव्हते. ते बोल म्हणत होते. लय, रचना, जुन्या उस्तादांच्या गती, सगळे तोंडाने. तासांच्या महतीसाठी सांगितली जाणारी ही गोष्ट खरे तर पढंतीची आहे : हातात येण्याआधी रचना डोक्यात आणि जिभेवर स्पष्ट हवी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत हाताने टाळी-खाली दाखवत बोल म्हणायला लावतात. बहुतेक विद्यार्थी ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकतात. जो बोल तोंडाने लयीत, वजनासह म्हणता येत नाही, तो हातातून नीट निघेल कसा?

आता प्रत्यक्ष रियाजाकडे येऊ, कारण समजुतीचे नुकसान तिथे होते. ‘धा तिरकिट धा तिरकिट’ अशा बांधणीचा एखादा कायदा घ्या. बरोबरीत ठीक वाजतो. दुगुनीत ‘तिरकिट’ येताच डग्ग्यावरचा ‘कि’ दबतो किंवा उशिरा पडतो, आणि तो भरून काढायला पुढच्या ‘धा’वर घाई होते. आपला विद्यार्थी काय करतो? पूर्ण कायदा पहिल्यापासून पुन्हा वाजवतो. पुन्हा तिथेच अडखळतो, पुढे रेटतो, तिहाई घेऊन समेवर येतो आणि पुन्हा सुरू करतो. दोन तासांत त्याने तीच चूक शेकडो वेळा वाजवलेली असते. हाताला चूक आणि बरोबर यांतला फरक कळत नाही. जे जास्त वेळा घडते तेच तो शिकतो.

इथे करायचे ते असे. अडणारी जागा कापून बाहेर काढा : आधीचा ‘धा’, ‘तिरकिट’ आणि पुढचा ‘धा’, एवढेच. ‘कि’ स्वच्छ ऐकू येईल इतकी लय खाली आणा, लाज वाटेल इतकी खाली आली तरी चालेल. दोष नेमका कुठे आहे ते पाहा. डावा हात फार वर उचलला जातोय का? मनगट ताठ आहे का? उजवा डाव्याची वाट न पाहता धावतोय का? एका वेळी एकच गोष्ट बदला. सलग काही वेळा निर्दोष निघाले की लय किंचित वाढवा. बिघडले की परत खाली या. मग तो तुकडा कायद्यात नेऊन ठेवा, कारण सुटा जमलेला बोल ओळीत गेल्यावर पुन्हा बिघडू शकतो. हे वीस मिनिटांचे काम आहे. त्या वीस मिनिटांत डोके इतके दमते की पुढची वीस मिनिटे हलका ठेका वाजवावासा वाटतो. खुशाल वाजवावा.

हे माझे मत म्हणून सोडून देऊ नका. २००९ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी सतरा पियानोवादक विद्यार्थ्यांना शोस्टाकोविचच्या कॉन्चेर्टोतला एक छोटा तुकडा दिला आणि हवा तेवढा वेळ बसायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सर्वांचे वादन ऐकून क्रम लावला. कोण किती वेळ बसला आणि कुणी किती आवृत्त्या केल्या, याचा त्या क्रमाशी संबंध दिसला नाही. सर्वांत वर आलेले तिघे वेगळे उठून दिसले ते एका गोष्टीमुळे : चूक झाली की ते तिची नेमकी जागा शोधत, तिथे लय कमी करत आणि ती चूक सुटेपर्यंत तिच्यावर काम करत. चुका सरावाच्या सुरुवातीला त्यांच्याही होत होत्या.

यात मनाचा भाग मोठा आहे. सहज वाजणारे पलटे धडाधड वाजवले की रियाज छान झाल्यासारखे वाटते. तिरकिट सुटे करून बसले की आपण मागे गेलो असे वाटते. पहिली भावना फसवी आहे. रियाजात बरे वाटणे आणि रियाजातून सुधारणे या निराळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना कानाला न जाणवलेला दबका ‘कि’ आणि तिहाईआधी वाढलेली लय ऐकणे सुखाचे नसते. पण गुरू आठवड्यातून एकदाच भेटत असतील, तर उरलेल्या सहा दिवसांत चूक दाखवणारे तेवढेच एक साधन तुमच्याजवळ आहे.

आणि झोप. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठोकायचा एक क्रम शिकवला. मध्ये रात्रीची झोप झाली, तेव्हा मधल्या काळात कसलाही सराव न करता त्यांचा वेग सुमारे वीस टक्के वाढलेला आढळला, अचूकता न घटता. दिवसभर जागे राहिलेल्यांत अशी वाढ दिसली नाही. रविवारी सहा तास एकदम बसण्यापेक्षा रोज पाऊण तास बसणे का चांगले, याचे एक कारण यात आहे : मध्ये रात्री येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत मुलाला बसवणाऱ्या घरांनी हे जरूर वाचावे.

बाकीचे गैरसमज आता भराभर घेतो. ‘स्मृती स्नायूंत असते’ : स्नायूंत काही साठत नाही, हालचालींचा क्रम मेंदूत पक्का होतो, म्हणून लक्ष उडाले की रियाजही वाया जातो. ‘मेट्रोनोम किंवा लेहरा लावला की वादन यांत्रिक होते’ : लय आतून पक्की नसलेल्याचे वादन मोकळे वाटत नाही, ते डळमळीत वाटते; लेहरा लावून वाजवा, मग तो बंद करून आवर्तन सांभाळता येते का तेही तपासा. ‘एकच कायदा तासभर घासला की पक्का’ : दोन-तीन गोष्टी आलटून-पालटून घेतल्या की रियाज अवघड वाटतो, पण पुढे जास्त टिकतो, २०१६ मध्ये क्लॅरिनेटवादकांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासातही कल असाच दिसला. ‘दुखलं म्हणजे रियाज झाला’ : थकवा वेगळा, वेदना वेगळी, मनगटात किंवा कोपरात कळ आली तर थांबा, बोटे बधिर होत असतील तर डॉक्टरांकडे जा. ‘रियाज म्हणजे एकट्याचाच’ : अहमदजान थिरकवा महाराष्ट्राच्या मनात घर करून राहिले, त्यात गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना केलेल्या साथीचा वाटा फार मोठा आहे, दुसऱ्याचा श्वास ऐकून वाजवणे बंद खोलीत शिकता येत नाही.

‘एकदा नाव झालं की शिकणं संपतं’ हाही एक लाडका समज. ‘रश’ या कॅनडातल्या बँडचा ड्रमर नील पिअर्ट वीस वर्षे जगभर गाजल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, १९९४ च्या सुमारास फ्रेडी ग्रुबर या शिक्षकाकडे गेला आणि काठी धरण्यापासून पुन्हा शिकला. ‘आता वय गेलं’ म्हणणाऱ्यांनाही माझे उत्तर हेच आहे.

शेवटचा गैरसमज मात्र एका ओळीत उरकण्यासारखा नाही, कारण त्याने झालेले नुकसान भरून निघत नाही. ढोल-ताशा पथकांत आणि ड्रम वाजवणाऱ्या मुलांत सर्रास म्हटले जाते, ‘कान सरावतात.’ कान सरावत नाहीत. आवाज कमी त्रासदायक वाटू लागला, तर बहुधा ऐकू येणेच कमी झालेले असते. कामाच्या जागी होणाऱ्या आवाजासाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. पथकात ताशाच्या शेजारी उभे राहिल्यावर एवढा आवाज सहज होतो, आणि पावसाळ्यात सराव तासन्‌तास चालतो. आतल्या कानातल्या ज्या नाजूक पेशी आवाजाने मरतात, त्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. पथकप्रमुखांनी यंदा पहिल्या सरावाच्या दिवशी ढोलाच्या दोऱ्या ताणण्याआधी प्रत्येकाच्या हातात इअरप्लग द्यावेत आणि ते घातल्याशिवाय कुणाला टिपरू उचलू देऊ नये.