चायनीजची गाडी आणि थंड भात

संध्याकाळ झाली, की अलिबागला, नागावला, मुरूडला चायनीजच्या गाड्या लागतात. जाळ भडकतो. लोखंडी कढईवर झारा खणखणतो. लसणीचा वास सुटतो. दिवसभर होडीवर नाहीतर शेतात राबलेल्या माणसाला गरमागरम प्लेट मिळाली, की बरे वाटते. पोरेही हट्ट धरतात.

हे खाणे खरेच चीनचे का? थोडे चीनचे, पुष्कळसे आपले. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी चिनी लोक कलकत्त्यास येऊन राहू लागले. पुढे त्यांच्यात हक्का समाजाचे लोकही आले. 'हक्का नूडल्स' हे नाव त्यांच्यावरून पडले. मंचुरियन मात्र मुंबईत जन्मले. नेल्सन वांग हे कलकत्त्यात जन्मलेले चिनी आचारी. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची परतली. गरम मसाल्याऐवजी त्यात सोया सॉस घातला आणि कोंबडीचे तुकडे टाकले. तेच चिकन मंचुरियन!

फ्राइड राइस तर ओळखीचाच. आपण उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देतो ना? त्याचाच तो भाऊ. गरम भात कढईत परतला, तर त्याचा गोळा होतो. थंड भात मोकळा राहतो. म्हणून गाडीवाला भात आधी शिजवून ठेवतो.

इथेच जपावे लागते. तांदळाबरोबर मातीतले जंतू येतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. भात शिजला, तरी त्यांची बीजे मरत नाहीत. भात तासन् तास तसाच राहिला, की ती रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. आपल्या किनाऱ्याची उबदार हवा त्यांना फार मानवते. हे विष मोठ्या जाळावर परतूनही जात नाही. भाताला वास येईलच असे नाही. असा भात खाल्ला, तर काही तासांत उलट्या होतात, पोट बिघडते. लहान मुले त्याने लवकर गळून जातात.

कोणी म्हणेल, "आम्ही शिळा भात रोज खातो, काही होत नाही." खरे आहे. दर वेळी त्रास होतोच असे नाही. पण ज्या दिवशी होतो, त्या दिवशी पोराला घेऊन दवाखाना गाठावा लागतो.

मग गाडीवर जाऊच नये का? खुशाल जावे. पण आधी विचारावे.

"दादा, भात कधी शिजवलास?"

"चार वाजता, मावशी. परातीत पसरून निववला नि लगेच बर्फाच्या पेटीत ठेवला."

असे उत्तर मिळाले तर ठीक. सकाळपासून पातेल्यात झाकून ठेवलेला भात असेल, तर नको म्हणावे. झाकलेला भात आतून लवकर निवत नाही. घरीही हेच करावे. भात उरला, तर पसरून निववावा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल, तर लागेल तेवढाच शिजवावा.

आणखी एक. मंचुरियन भडक लाल दिसले, तर तो रंग मिरचीचाच असेल असे नाही. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. आपणही "बिनरंगाचे कर" असे सांगावे. सोया सॉसमध्ये मीठ फार असते. रक्तदाब असलेल्यांनी तो बेताने घ्यावा.

आता तुम्हांला वाचता येते. त्याचा इथे उपयोग करा. सॉसच्या बाटलीवरची तारीख वाचा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लहान गाडीवाल्यालाही नोंदणी करावी लागते. तिचा क्रमांक १४ आकडी असतो. तो गाडीवर लावला आहे का, ते पाहा. नसेल, तर विचारा. विचारण्यात लाज कसली? पैसे आपले, पोटही आपलेच.