नेम चुकतो तेव्हा दोष कुणाचा?



पूर्वी गावोगावी एखाद्या वाड्याच्या भिंतीवर शिकारीची बंदूक टांगलेली दिसे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेची शिकार बंद झाली. झाले ते बरेच झाले. पण त्यामुळे नेमबाजी काही संपली नाही. ती रानातून उठून रेंजवर आली आणि आता तर ती शेतकऱ्याच्या घरातही पोचली आहे.

पुण्याला कधी दवाखान्याच्या किंवा बाजाराच्या कामाने आलात, तर मुंबई-बंगळूर रस्त्यालगत बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभारले गेले. तिथल्या शूटिंग रेंजवर ज्यांनी घाम गाळला, त्यांत स्वप्निल कुसळे हे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा २००९ साली सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने कांस्यपदक जिंकले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली कुस्तीत पदक आणले होते. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी महाराष्ट्राला ७२ वर्षे वाट पाहावी लागली.

ही बातमी आली आणि कितीतरी घरांतल्या मुलामुलींनी रायफलीचा हट्ट धरला. काहींच्या घरी तो पुरवलाही गेला. पण खरी परीक्षा पुढे असते. पोरगी सोमवारी शंभरात ९५ गुण मिळवते आणि गुरुवारी ८६ वर येते. घरी येऊन म्हणते, “बाबा, रायफलच खराब आहे, दुसरी घ्या.” स्पर्धेच्या दर्जाची परदेशी रायफल घ्यायची म्हणजे काही लाखांचा मामला. बाप मनात म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडे. आई म्हणते, पोरीचा जीव तुटतोय, कर्ज काढू.

मंडळी, जरा थांबा. कर्जही काढू नका आणि पोरीला बोलही लावू नका. कधी कधी अंगण खरेच वाकडे असते. पण ते आहे की नाही, हे मापून बघायला हवे.

विहिरीवरची मोटार आठवा

मोटार चालू आहे, पण पाणी येत नाही, अशा वेळी आपण लगेच नवी मोटार आणायला जात नाही. आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग पाइपाचा जॉइंट हवा ओढतो का ते पाहतो आणि शेवटी फूटव्हॉल्व्ह. एका वेळी एकच गोष्ट तपासतो, म्हणून दोष नेमका कुठे होता ते कळते. सगळेच एकदम बदलले, तर पाणी येईल, पण कशाने आले ते समजणार नाही. रायफलीचेही अगदी तसेच आहे.

आधी कागद वाचा

एका गोळीवरून निकाल देऊ नका. रायफलीला हात न लावता एकाच कागदावर शांतपणे पाच ते दहा छर्रे मारायला सांगा आणि मग त्या भोकांचा पुंजका बघा.

पुंजका घट्ट आहे, पण मध्याच्या एका बाजूला पडला आहे, तर ही चांगली बातमी समजा. रायफल ठीक आहे, हातही ठीक आहे, फक्त नेमाची जुळणी सरकली आहे. मागच्या चकतीला दोन घुंड्या असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडे सरकवण्यासाठी. दोन-चार टिचक्या फिरवल्या की पुंजका मध्यावर येतो.

पुंजका विखुरलेला आहे, तर घुंड्यांना हातही लावू नका. पुष्कळ मुले इथेच फसतात. एक छर्रा डावीकडे गेला की घुंडी उजवीकडे, पुढचा उजवीकडे गेला की पुन्हा डावीकडे. अशाने दोष दुप्पट होतो आणि मूळ दुखणे झाकले जाते.

चूक किती बारीक असते, ते ऐका. १० मीटरच्या एअर रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एकेका गुणाचे कडे अडीच मिलिमीटरवर. नळीच्या टोकाची माशी आणि डोळ्याजवळची चकती यांत सुमारे ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर त्यांच्या सरळ रेषेत ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास एका पोस्टकार्डाच्या जाडीचा फरक पडला तरी एक गुण जातो!

रायफलीची तपासणी

हे काम प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, रिकाम्या रायफलीवर करा. पहिली पाहणी स्क्रूंची. नळी आणि दस्ता यांना जोडणारे स्क्रू ढिले झाले की छर्रे वाटेल तिकडे जातात. माशी आणि चकती हलते का, तेही बघा. या कामाला एक पाना पुरतो, पैसा लागत नाही.

दुसरी पाहणी छर्ऱ्यांची. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. प्रत्येक नळीला एखादाच आकार मानवतो. तीन-चार प्रकारच्या छर्ऱ्यांचे दहा-दहाचे पुंजके पाडून बघा आणि जो घट्ट पडेल तोच छर्रा कायम ठेवा. दोन डब्यांतले छर्रे एकत्र करू नका. खिशात खुळखुळून चेपलेले छर्रे सरावालाही वापरू नका.

तिसरी पाहणी हवेची. सिलिंडरमधला दाब उतरत आला की छर्रे खाली पडू लागतात. सिलिंडरवर छापलेली मुदतही वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि तो धोक्याचाही असतो.

चौथी पाहणी नळीची. ती साफ असावी, पण रोज घासूही नये.

एवढे झाले की शेवटचा निवाडा करा. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून दहा छर्रे मारायला सांगा किंवा रेंजवरच्या एखाद्या जाणत्या नेमबाजाच्या हाती तीच रायफल, तेच छर्रे द्या. पुंजका घट्ट आला, तर रायफल निर्दोष. तुमचे काही लाख वाचले. टेकवूनही पुंजका विखुरलाच, तर मात्र कारागिराकडे जा आणि पोरीची माफी मागा.

आता माणसाकडे वळा

रायफल निर्दोष ठरली म्हणजे मूल दोषी ठरले, असे मात्र नव्हे. मुलाचे शरीर वाढत असते. सहा महिन्यांत उंची दोन बोटे वाढली की जाकीट आखूड होते, दस्ता लांबीला कमी पडतो आणि गाल ठरल्या जागी टेकत नाही. दस्त्याची लांबी नव्याने लावली की गेलेले गुण परत येतात. डोळेही तपासून घ्या. कितीदा रायफल चांगली असते, चष्म्याचा नंबर तेवढा बदललेला असतो.

पायांची जागा अशी तपासा. नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नेम सरकलेला दिसला तर हाताने ओढून जुळवायचा नाही, पाय हलवायचे. ओढून धरलेला हात चाप दाबताच आपल्या जागी परत जातो आणि छर्राही त्याच्याबरोबर जातो.

भोके वर-खाली रांगेत पडत असतील तर श्वास बघा. श्वास सोडून स्थिर झाल्यावर सहा-आठ सेकंदांत चाप दाबला गेला नाही, तर रायफल खाली घ्यावी. लाजण्याचे कारण नाही. भोके आडव्या रांगेत पडत असतील तर चाप हिसकला जातोय का ते बघा. प्रशिक्षकांना सांगा की छर्रा भरला आहे की नाही, हे मुलाला न कळवता रायफल हाती द्यावी. रिकाम्या रायफलीची नळीही दचकली, तर दुखणे बोटात आहे. उघड्या ५० मीटर रेंजवर वाराही असतो. त्यासाठी तिथे छोटी निशाणे लावलेली असतात, ती वाचायला शिकावे लागते.

आणि एक वही ठेवा. तारीख, वेळ, ऊन-वारा, छर्ऱ्याचा डबा, रात्रीची झोप, गुण. महिनाभराने वही स्वतःच बोलू लागते. सकाळी ९५ आणि दुपारी ८६ असेल, तर जेवण, थकवा आणि उजेड यांच्याकडे बघा.

घरासाठी दोन गोष्टी. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू देऊ नका. आणि रायफल रिकामी असली तरी तिचे तोंड माणसाकडे कधीही वळता कामा नये. छर्ऱ्याने डोळा जातो.

पॅरिसच्या अंतिम फेरीत स्वप्निल गुडघ्यावरच्या नेमानंतर सहावा होता, झोपून मारलेल्या नेमानंतर पाचवा आणि उभ्याच्या फेरीत तिसरा आला. ५० मीटरवरचा दहाचा ठिपका शर्टाच्या बटणाएवढा, १०.४ मिलिमीटरचा. मागे पडलेला असताना त्याने घाबरून घुंड्या फिरवत बसायचे ठरवले असते, तर ४५१.४ गुण आणि ते पदक दिसले नसते.

तेव्हा पुढच्या वेळी पोरगी म्हणाली, “बाबा, रायफल बदला,” तर तिला जवळ बसवा आणि म्हणा, “आधी शेवटचे पाच कागद आणि वही घेऊन ये. आपण दोघे मिळून बघू.”