गार इंजिन खरं बोलतं

जुनी बोट बघायला जाल, तेव्हा आधी इंजिनावर हात ठेवा. ते कोमट लागलं, तर तुम्ही येण्याआधीच ते चालू करून ठेवलंय. पूर्ण गार होऊ द्या, मगच चालू करायला सांगा.

कारण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला साधारण १५ ते २० पट दाबतो, हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब निसटतो आणि गार इंजिन चालू व्हायला वेळ घेतं. गरम असताना हेच दुखणं लपतं.

मग धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. पांढरा धूर सुरुवातीला चालेल. इंजिन तापल्यावरही राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा आत पाणी शिरतंय. डिपस्टिक ओढून बघा: ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी मिसळलंय.

खारं पाणी हा मोठा शत्रू. कूलरमधला जस्ताचा तुकडा स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. तो पार संपलेला असेल, तर देखभालीची हयगय झालीय.

शेवटी बोट समुद्रात न्या आणि पूर्ण वेगाने चालवा. धक्क्याला बांधलेल्या बोटीत भाराविना चालणाऱ्या इंजिनावर विश्वास ठेवू नका. भर समुद्रात गॅरेज नसतं.