रोग न होण्याचे शास्त्र कुठे शिकायचे?

नीट-पीजीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत एकच चर्चा असते. रेडिओलॉजी कितव्या क्रमांकापर्यंत आली, मेडिसीन कुठे मिळेल, त्वचारोग हातचे गेले का. ‘पीएसएम’चे नाव निघते ते बहुधा शेवटी, आणि थोडे हसून. प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसीन, म्हणजेच आजचे कम्युनिटी मेडिसीन. पार्क यांचे जाडजूड पुस्तक घोकून एकदाचे सुटायचे, इतकीच त्याची ओळख. कोणी हा विषय घेतलाच, तर घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग तू पेशंट तपासणार नाहीस का?’

या विषयातल्या डॉक्टरचा पेशंट म्हणजे एखादे गाव, एखादी शाळा, महापालिकेचा एखादा वॉर्ड. त्याचे काम यशस्वी झाले तर काहीच घडत नाही. बाळ दगावत नाही, साथ पसरत नाही, चाळिशीतल्या माणसाला झटका येत नाही. जे घडलेच नाही त्याबद्दल पेढे घेऊन कोणी येत नाही. आणि ते आपल्या कामामुळे घडले नाही, की तसेही घडणार नव्हते, हे नुसते बघून सांगता येत नाही. त्यासाठी तुलना लागते, मोजणी लागते. प्रतिबंधाचे शास्त्र सुरू होते ते इथून.

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून 1984 मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळांचे मृत्यू रोखण्यासाठी त्यांनी गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. हे झाले 39 गावांत. जवळच्या 47 गावांत ही सेवा नव्हती. तिथले जन्म-मृत्यूही तितक्याच काटेकोरपणे नोंदवले गेले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटलेला दिसला. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्यामागे ही मोजणी आहे. नुसता कळवळा असता तर काम गडचिरोलीतच थांबले असते.

त्यांच्या आधी जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेही हॉपकिन्सलाच शिकून आले होते. 1970 मध्ये सुरू झालेला त्यांचा प्रकल्प पाहायला आजही परदेशातून विद्यार्थी येतात. ही पदवी आणि महाराष्ट्र यांचे नाते असे जुने आहे.

मुंबईचे उदाहरण आणखी बोलके आहे. टाटा मेमोरियलने 1998 पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावायचे आणि पांढरा डाग दिसतो का ते पाहायचे. तपासणी करणाऱ्या स्त्रिया जेमतेम दहावी शिकलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या. या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. ज्या गटाला ही तपासणी न देता फक्त आरोग्यशिक्षण दिले, त्या स्त्रियांचे काय, असा प्रश्न मात्र जोरात विचारला गेला, आणि तो योग्यच होता. प्रतिबंधाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात संख्याशास्त्राइतकाच वेळ या प्रश्नाला मिळायला हवा.

चांगल्या हेतूने केलेले सगळेच काम लागू पडत नाही. लॉस एंजेलिसमध्ये 1983 साली पोलिसांनी शाळाशाळांत जाऊन मुलांना अमली पदार्थांविरुद्ध धडे देणे सुरू केले. ‘डेअर’ नावाचा हा कार्यक्रम अमेरिकाभर पसरला, पालक खूश, पोलीस खूश. मोजणी झाली तेव्हा दिसले, की मुलांच्या व्यसनांवर त्याचा परिणाम जवळजवळ नव्हता. त्याच सुमारास बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत एक साधा खेळ आणला गेला. मुलांचे संघ पाडायचे, आणि जो संघ शिस्त पाळेल त्याला छोटेसे बक्षीस. व्यसनाचा त्यात उल्लेखही नव्हता. तरी ती मुले विशीत आली तेव्हा, विशेषतः लहानपणी दांडगाई करणाऱ्या मुलग्यांत, अमली पदार्थांच्या आहारी जाण्याचे प्रमाण कमी आढळले. मानसशास्त्र, शिक्षण आणि आरोग्य यांच्या सीमेवरच्या अशा अभ्यासाला तिकडे ‘प्रिव्हेन्शन सायन्स’ म्हणतात. आपल्याकडे तंबाखूमुक्तीच्या प्रभातफेऱ्या निघतात, शपथा होतात, फोटो छापून येतात. पुढे त्या शाळेतली किती मुले तंबाखूपासून दूर राहिली, हे कोणी मोजत नाही.

हे शिकायचे तर वाट कोणती? एमबीबीएस झालेल्यांसाठी सरळ वाट म्हणजे नीट-पीजीतून कम्युनिटी मेडिसीनमध्ये तीन वर्षांची एमडी. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, नर्सिंग, समाजशास्त्र, संख्याशास्त्र अशा कोणत्याही बाजूने येणाऱ्यांसाठी दोन वर्षांची एमपीएच. संस्थेनुसार पात्रता बदलते, तेवढे पाहावे. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत एमपीएच आहे आणि तिचा कल सामाजिक कारणांकडे, आरोग्यधोरणाकडे आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठातही ही पदवी मिळते. ज्याला आकड्यांत रस आहे त्याने देवनारचीच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रे तिच्याकडे असतात, त्यामुळे विद्यार्थ्याला देशभरातली मोठी आकडेवारी हाताळायला मिळते.

राज्याबाहेर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतले अच्युत मेनन केंद्र 1997 पासून एमपीएच शिकवते. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत डॉक्टरांना वर्गापेक्षा जिल्ह्यातच जास्त काम करावे लागते. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था तर 1932 सालची. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा साथरोगतज्ज्ञ तयार करणारा दोन वर्षांचा प्रशिक्षणक्रमही डॉक्टरांनी विचारात घ्यावा. तो 2012 मध्ये सुरू झाला.

परदेशात जायचे तर ब्रिटनमध्ये एमएस्सी साधारण वर्षभराची, अमेरिकेत एमपीएच एक ते दोन वर्षांची. ‘प्रिव्हेन्शन सायन्स’ याच नावाचे शिक्षण वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगॉन या विद्यापीठांत आहे. खर्च मोठा असतो, आणि कर्ज काढून जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की परत आल्यावर या पदवीला शल्यविशारदाचे उत्पन्न नाही. फुलब्राइट-नेहरू, चिव्हनिंग, राष्ट्रकुल या शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

आता नोकरीचे. माहितीपत्रके याच ठिकाणी गुळमुळीत होतात, म्हणून स्पष्ट सांगितलेले बरे. एमबीबीएस असलेल्याला वाट मोकळी आहे. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन, तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी, महापालिका, संशोधन संस्था. डॉक्टर नसलेल्या एमपीएचधारकाला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची मिळत नाही. त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदे, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन प्रकल्प येतात. प्रकल्प संपला की पगार संपतो. राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे स्वतंत्र केडर उभारावे, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले आहे, आणि केंद्राने 2022 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वेही दिली. करोनाच्या दोन वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत साथरोगतज्ज्ञ शोधत फिरावे लागल्यानंतर तरी हे वेगाने व्हायला हवे होते. फिजिओथेरपी किंवा बीएएमएस करून, घरची जमापुंजी लावून या पदवीला येणाऱ्या मुलामुलींना प्रवेशाआधी हे कळले पाहिजे.

एमपीएचच्या नावाखाली अलीकडे भरपूर दुकानेही निघाली आहेत. पैसे भरण्यापूर्वी विभागात जाऊन तीनचार गोष्टी विचाराव्यात. दोन वर्षांत किती आठवडे गावात किंवा वस्तीत काम करावे लागते? संख्याशास्त्र शिकवायला पूर्णवेळ माणूस आहे, की तासिकेवर कोणी येते? मागच्या तुकडीचे प्रबंध दाखवाल का? प्रबंध चाळताना एवढेच पाहावे, की विद्यार्थ्याने माहिती स्वतः गोळा केली आहे की दुसऱ्याच्या तक्त्यांवर भागवले आहे. मागच्या दोन तुकड्यांतली मुले आज कुठे काम करतात, हे विभागप्रमुखांपेक्षा त्या मुलांनाच फोन करून विचारावे. बहुतेक जण खरे सांगतात.