हळदीची चिमूट आणि एकस्वाचा दावा

अवसरी बुद्रुकच्या शिवारात खुरप्याने बोट कापले, तर घरातील आजी जखमेवर हळदीची चिमूट दाबून फडके बांधते. परंतु याच उपायाचे एकस्व, म्हणजे आपल्या बोलीतले पेटंट, मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले होते. माशेल या गोमंतकातील गावी जन्मलेले रसायन अभियंते डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते, तिने त्यावर हरकत घेतली. आजीची तोंडी साक्ष तेथे ग्राह्य नव्हती, कारण परदेशातील पूर्वज्ञान छापील असेल तरच तेथील तत्कालीन कायदा ते जमेस धरी. म्हणून १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय निबंधासह ३२ संदर्भ दाखल झाले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द ठरले.

जुन्या ग्रंथातील पुरावा ओळखणे हे शास्त्र जाणणाऱ्याचेच काम, आणि आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानेही ते मानले आहे. शोधकाच्या वतीने एकस्वाचा अर्ज करणारा पेटंट एजंट होण्यास कलम १२६ प्रमाणे विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी आवश्यक असते, नुसती कायद्याची पदवी चालत नाही. पुढे लेखी व तोंडी परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते. न्यायालयात उभे राहण्यास मात्र वकिलीची सनद हवीच. शेजारच्या अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींस ही वाट कोणीतरी आवर्जून सांगावी, असे मला मनापासून वाटते.

प्रयोगशाळेतून या व्यवसायात येणाऱ्यास एक सवय मोडावी लागते: निष्कर्ष हाती येताच तो प्रसिद्ध करण्याची. अर्जापूर्वी छापलेला स्वतःचाच निबंध बहुधा स्वतःच्या दाव्याच्या आड येतो.

दुसरे कसब भाषेचे. दावा एकाच वाक्यात मांडायचा असतो. समजा, कोणी कांद्याच्या चाळीत खालून हवा खेळविणारी नवी रचना केली. दाव्यात ‘लाकडी पट्ट्या’ म्हटले, तर बांबू वापरणारा सहीसलामत सुटण्याचा संभव, आणि नुसत्या ‘पट्ट्या’ म्हटले, तर कोणतीही जुनी चाळ पुढे करून हरकत येते. म्हणून तो शब्द लिहिण्यापूर्वी चाळीखाली वाकून, दोन पट्ट्यांमधील फट मोजून, तेथून हवा नेमकी कशी वर चढते हे पाहावे लागते.