लोणारचा खार : एक शब्दविचार व रसायनाचा स्वाध्याय

जुन्या कागदांत 'खार', 'सोरा', 'हिराकस', 'नवसागर' इत्यादि शब्द आले कीं आपण संशोधक बहुधा कोशांतील अर्थ टिपेंत देऊन पुढें जातों. आम्हीही आयुष्यभर हेंच केलें. परंतु बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराविषयीं जुने उल्लेख जुळवीत असतां अशी अडचण पडली कीं ती व्याकरणानें सुटेना व कोशानेंही सुटेना. अखेरीस उतारवयांत शाळकरी मुलांचीं पुस्तकें घेऊन रसायनशास्त्राचा ओनामा गिरवावा लागला. त्या अभ्यासांतून जें हातीं लागलें तें पोथ्या व दप्तरें चाळणारांस उपयोगी पडेलसें वाटल्यावरून येथें देत आहों.

अडचण 'क्षार' या एका शब्दाची होती. आज मराठी शाळेंत आम्ल व आम्लारी यांच्या संयोगानें जो पदार्थ होतो त्यास 'क्षार' म्हणतात. म्हणजे जेवणांतलें मीठ हा क्षार. पाण्यांत विरघळणाऱ्या आम्लारीस 'अल्क' असें निराळें नांव आहे. संस्कृत वैद्यकांत मात्र मीठ हें 'लवण' होय, आणि 'क्षार' म्हणजे राखेपासून काढलेला दाहक पदार्थ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अकरावा अध्याय सगळा क्षारपाकाचाच आहे. तेथें वनस्पति जाळून त्यांची राख पाण्यांत कालवावी, गाळावी व आटवावी असें सांगितलें असून, मध्यम क्षार करावयाचा तर भाजलेले शिंपले, शंख वगैरे त्यांत घालावे असें आहे. विद्यार्थ्यांस हा भाग शिकवितांना शंखशिंपल्यांचें प्रयोजन काय, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नाहीं. आणि 'क्षार' म्हणजे एक प्रकारचें मीठ, असें आम्ही बेधडक सांगत गेलों.

उत्तर अगदीं साधें आहे. झाडांच्या राखेंतून पाण्यांत उतरतें तें मुख्यतः पोटॅशिअम कार्बोनेट असतें. शिंपला भाजला कीं त्याचा कळीचा चुना होतो. तो चुना राखेच्या पाण्यांत पडला म्हणजे कार्बोनेटाचा भाग चुन्याकडे जाऊन खडूसारखा सांका तळीं बसतो, आणि वर पोटॅशिअम हायड्रॉक्साइड राहतें. हें कातडी व मांस जाळणारें आहे. म्हणून चुन्याविना केलेला क्षार मृदु आणि चुन्यानें केलेला तीव्र. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं आपल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या खंडांत (१९०२) या कृतीचें महत्त्व दाखविलेंच आहे. पण तें वाचूनही पटावयास शाळेचें पुस्तक हाताशीं लागलें, हें कबूल केलें पाहिजे.

आतां लोणारकडे वळूं. सरोवराचा वाटोळा खळगा सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. तो ज्वालामुखीनें झाला नसून उल्कापातानें झाला, हें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून मान्य झालें. आपल्या कामापुरतें महत्त्वाचें इतकेंच कीं त्यांत ओहोळांचें व झऱ्यांचें पाणी येतें, पण बाहेर जावयास वाट नाहीं. काळा पाषाण झिजून जें द्रव्य पाण्याबरोबर येतें त्यांतला चुन्याचा अंश तळीं बसतो, सोडिअमचा पाण्यांतच राहतो, आणि उन्हानें पाणी उडून तो दाट होत जातो. त्यामुळें या पाण्यांत सोडिअमचीं कार्बोनेटें आणि साधें मीठ हीं दोन्हीं आहेत. पाण्याचा सामू १० च्या आसपास भरतो. गांवाचें नांव 'लवणा'वरून आणि निघे तो माल 'खार'. या दोन शब्दांचा जो विरोध आम्हांस खटकत होता तो असा मिटला. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं जीं खाराच्या प्रतींचीं नांवें जुन्या वर्णनांत येतात, त्यांत सोडा, मीठ व माती यांचें प्रमाण निरनिराळें असे.

यावरून एक पाठ तपासण्याजोगा दिसतो. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत लोणारचा उल्लेख असून कांच व साबण यांस लागणारें साहित्य तेथें मिळतें असें म्हटलें आहे. इंग्रजी भाषांतरांत त्यापुढेंच सोऱ्याचे कारखाने येतात. सोरा म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, बंदुकीच्या दारूचा घटक. साबणास तो निरुपयोगी. कांच व साबण या दोहोंस हवा तो सोडाच, आणि लोणारास विपुल आहे तोही सोडाच. फारसींत 'शोर' म्हणजे खारट. तेव्हां मूळ शब्द हस्तलिखितांतून ताडून पाहावा, आणि तोंवर लोणारास बारुदखाना जोडूं नये, असें आमचें मत आहे.

स्वाध्यायाविषयीं थोडें. बालभारतीचीं २०१७ व २०१८ सालीं निघालेलीं आठवी, नववी व दहावीचीं विज्ञानाचीं मराठी पुस्तकें आम्हांस पुरलीं. प्रथम आठवींतील आम्ल-आम्लारींची ओळख, मग नववींतील आम्ल, आम्लारी व क्षार, शेवटीं दहावींतील रासायनिक अभिक्रिया, हा क्रम सोडूं नये. संज्ञा व सूत्रें पाठ करण्याची घाई नको. संस्कृत शिकलेल्यास ओळखीचे शब्दच फसवितात; म्हणून वहीचे दोन भाग करून एकीकडे शास्त्रकारांचा अर्थ व दुसरीकडे शाळेचा अर्थ लिहीत जावें. आमच्या वहींत 'क्षार' या शब्दानेंच चार पानें खाल्लीं.

प्रयोगास वाण्याकडचा पापडखार घ्यावा. लोणारचें सरोवर आज अभयारण्य आहे, तेथून कांहीं उचलूं नये. पापडखाराच्या पाण्यांत हळदीनें रंगविलेला कागद बुडविला कीं लाल होतो, मिठाच्या पाण्यांत होत नाहीं. हळदीस खार किंवा चुना देऊन कुंकू करतात, त्यांतलें कारण हेंच. लिंबू पिळलें तर पापडखार फसफसतो, मीठ स्वस्थ राहतें. सोऱ्याची चिमूट धगधगत्या निखाऱ्यावर टाकली तर तडतडून निखारा भडकतो. खार तसें करीत नाहीं. ही शेवटची परीक्षा उघड्यावर व दूर उभें राहून करावी.

यांतली कोणतीही परीक्षा पोथीच्या पानावर किंवा ताम्रपटावर मात्र करूं नये. पोथींत चुकलेलीं अक्षरें झांकावयास जो हरताळ फासलेला असतो तो सोमलाच्या जातीचा आहे. हात धुतल्याविना तोंडास लावूं नयेत. आणि तरुणपणीं आम्हीं एका ताम्रपटावरील हिरवें पूट चिंचेच्या कोळानें घांसून काढलें होतें. चिंचेतल्या आम्लानें पुटाबरोबर कडेच्या दोन अक्षरांच्या मात्राही गेल्या, व तीं अक्षरें आमच्या वाचनांत आजही कंसांत आहेत.