पिशव्या कोण सांभाळणार?

मे महिना जवळ आला की घराघरांत एकच विषय निघतो. पूर्वी तो 'मामाकडे कधी जायचं?' असा असे, आता 'कुठल्या पार्कला जायचं?' असा असतो. मुलांच्या वर्गातले कोणीतरी इमॅजिकाला जाऊन आलेले असते. शेजारच्यांनी बंगळूरच्या वंडरलाचे फोटो दाखवलेले असतात. कोणाची जाऊ तर थेट हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये उभी राहून फोनवरून हात हलवते! मग जेवताना मुलांचा हट्ट सुरू होतो, 'हे' मोबाईलमध्ये डोके खुपसून बसतात आणि 'आई, तूच विचार ना बाबांना' म्हणत सारे प्रकरण अखेर तुमच्यापाशी येऊन थांबते.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदाचा बेत पक्का करण्यापूर्वी दोन घटका या विषयावर बोलू या. 'आमच्या वेळी असं नव्हतं हो,' हे वाक्य आपल्या आयांच्या तोंडी होते, ते आता आपल्याही तोंडी येऊ लागले आहे. पण नेमके काय बदलले? पाळणे उंच झाले आणि तिकिटे महाग झाली, एवढेच का? मला विचाराल तर खरा बदल पैसे मोजण्याच्या पद्धतीत झाला आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त संबंध घरातल्या बाईशी आहे. कसा, ते पाहा.

'तुम्ही जा, मला चक्कर येते'

लहानपणीची जत्रा आठवा. ग्रामदैवताची म्हणा, उरूस म्हणा. आत शिरायला पैसे पडत नसत. रहाटपाळणा, गोल फिरणारे लाकडी घोडे, 'मौत का कुआँ' या सगळ्यांचे पैसे फेरीगणिक वेगळे. वडील खिशातून सुटे पैसे काढीत, मुले धावत जाऊन पाळण्यात बसत आणि आई खाली उभी राही. तिच्या एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिशवी आणि कडेवर धाकटे. कोणी बोलावलेच तर तिचे उत्तर ठरलेले असे, "तुम्ही जा, मला चक्कर येते."

तिला खरोखर चक्कर येत होती का? बसल्याशिवाय कळणार तरी कसे! पण एका माणसाची फेरी वाचली की तेवढ्यात सगळ्यांची भेळ होते, हा हिशेब तिने मनातल्या मनात केव्हाच केलेला असे.

शहरातली तऱ्हाही याहून वेगळी नव्हती. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली 'फुलराणी' धावू लागली, तेव्हापासून कितीतरी आया त्या गाडीतल्या मुलांना बाहेरूनच टाटा करीत आल्या. मुंबईच्या कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात मुले चढायची आणि आई खाली उभी राहून 'हळू, पडशील' म्हणायची. सहल सगळ्यांची असली, तरी मजा मुलांची आणि राखण आईची.

गोष्ट एका बाकाची

आता गंमत पाहा. ज्याला आपण 'थीम पार्क' म्हणतो, त्याचा जन्मच मुळी अशा एका बाकावर झाला! फरक इतकाच, की त्या बाकावर आई नव्हती, बाप होता.

मिकी माऊसचे जनक वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना, डायेन आणि शॅरन यांना घेऊन सुट्टीच्या दिवशी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जात. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि डिस्नेसाहेब बाकावर शेंगा खात बसून राहत. असे बसून बसून त्यांच्या मनात आले, की आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये? ही हकीकत पुढे त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितली आहे. त्यांच्या पत्नीला, लिलियनबाईंना मात्र हा नाद पसंत नव्हता. असल्या जागा घाणेरड्या असतात, त्या काय काढायच्या, असा त्यांचा सवाल होता. आपली जागा तशी असणार नाही, हेच डिस्नेंचे उत्तर होते.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. सभोवती मातीचा उंच बांध, म्हणजे आत गेल्यावर बाहेरचे शहर दिसू नये. आत यायला एकच दरवाजा. प्रत्येक विभागाचा आपापला विषय, कुठे परीकथा तर कुठे घनदाट जंगल. साध्या पाळण्यांच्या मैदानात आणि थीम पार्कात फरक हाच. तिथे नुसते पाळणे नसतात, अवघी एक गोष्ट उभारलेली असते.

पहिला दिवस मात्र फजितीचा गेला. उन्हाने नवे डांबर इतके मऊ झाले की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतून बसल्या. नळ बसवणाऱ्या कामगारांचा संप झाल्यामुळे पिण्याच्या पाण्याची सोय करावी की स्वच्छतागृहांची, असा पेच पडला होता. डिस्नेंनी स्वच्छतागृहे निवडली. लेकुरवाळ्या बायकांनी त्यांना मनोमन दुवा दिला असेल!

पण तिकिटाची रीत तिथेही जत्रेसारखीच होती. मोठ्या माणसाला दारात एक डॉलर आणि आत प्रत्येक खेळाचे पैसे निराळे. थोड्याच महिन्यांत तिकिटांची पुस्तके निघाली. प्रत्येक तिकिटावर इंग्रजी अक्षर, 'ए' म्हणजे साधा खेळ. १९५९ पासून 'ई' आले, ते सर्वांत थरारक खेळाचे. 'ई' तिकिटे भराभर संपत आणि उरलेली 'ए' तिकिटे घरातल्या खणात वर्षानुवर्षे पडून राहत. ही पुस्तके १९८२ साली बंद झाली आणि एकदा दारात पैसे भरले की हवे त्या खेळात बसा, अशी पद्धत आली.

एस्सेल वर्ल्डची होडी

आपल्याकडे हे वारे जरा उशिरा आले. दिल्लीला १९८४ मध्ये अप्पूघर सुरू झाले. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या हत्तीच्या पिल्लाचे नाव त्याला दिले होते. २००८ साली ते बंद पडले. मुंबईला १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आले आणि दूरदर्शनवरच्या त्या जाहिरातीने एका पिढीला वेड लावले. तुमच्यापैकी कितीतरी जणी शाळेच्या सहलीबरोबर होडीतून खाडी ओलांडून तिथे गेल्या असतील. शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम झाले. एस्सेल वर्ल्ड २०२२ साली लोकांसाठी बंद झाले, तेव्हा चाळिशीतल्या बायकांनाही चुटपुट लागून राहिली. तिकडे दक्षिणेत कोचीला २००० साली आणि बंगळूरला २००५ साली आज वंडरला म्हणून ओळखली जाणारी उद्याने निघाली. खोपोलीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, २०१३ मध्ये इमॅजिका आले. त्यात अलीबाबाच्या गुहेपासून नर्मदाखोऱ्यात अवशेष सापडलेल्या राजासॉरस डायनोसॉरपर्यंत सगळी मंडळी हजर झाली.

या मोठ्या उद्यानांत दारातच एक तिकीट काढायचे आणि दिवसभर खेळायचे. म्हणजे पाहा, आईचा जुना हिशेब इथे लागूच पडत नाही. ती पाळण्यात बसली काय आणि न बसली काय, तिचे पैसे आधीच भरलेले! तरीही कोणत्याही रविवारी जाऊन बघा. रोलर कोस्टरच्या खाली सावलीतल्या बाकावर पर्सा, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाईल मांडीवर घेऊन बायका बसलेल्या दिसतात. जत्रेत आई उभी राहायची, ती फुकट. ही बाई मात्र भरपूर पैसे भरून राखण करते. इतका महागडा बाक दुसरीकडे कुठे मिळेल हो?

कमावले काय, गमावले काय

नव्याला उगाच नावे ठेवू नयेत. जत्रेच्या गर्दीत बायकांनी जायचे कुठे, हा प्रश्न कोणी विचारतच नसे. अडचण नको म्हणून आया दिवसभर पाण्याचा घोट घेत नसत. आज चांगल्या उद्यानांत स्वच्छतागृहे आहेत आणि पुष्कळ ठिकाणी बाळाला पाजायला आडोशाची खोलीही असते. आपल्या आईला एवढे जरी मिळाले असते, तरी तिचा अर्धा शीण गेला असता.

गमावला तो डबा. पहाटे उठून केलेल्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दशम्या आणि झाडाखाली पसरलेली चादर. बहुतेक मोठ्या उद्यानांत आता बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. पहाटेची खटपट वाचली खरी, पण चौघांचे दुपारचे जेवण आतल्या भावाने घेतले की तोंडातला घास कडू होतो.

दुसरे म्हणजे, पूर्वीची करमणूक काही तासांची असे. फ्लोरिडात १९७१ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्ड झाले, तेव्हापासून उद्यान आणि हॉटेल मिळून चार-चार दिवसांची सुट्टी घालवण्याची चाल पडली. आता आपल्याकडेही उद्यानाला लागून मुक्कामाची सोय होऊ लागली आहे. खर्च वाढतो हे खरे. पण रात्री नऊला दमूनभागून घरी यायचे आणि मग खिचडी कोणी टाकायची, हा प्रश्न त्या एका रात्रीपुरता तरी सुटतो.

जुना हिशेब मागच्या दाराने

आता एक नवी गोष्ट, जिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. रांग टाळण्यासाठी डिस्नेच्या उद्यानांत १९९९ पासून फुकट चिठ्ठी मिळे. अमेरिकेत २०२१ साली ती बंद होऊन तिच्या जागी पैसे मोजून पुढे जाण्याची सोय आली. तिकडे आता तिकिटाचा दरही दिवसागणिक बदलतो. १९५५ साली एक डॉलरला उघडणारे दार आज गर्दीच्या दिवशी दोनशे डॉलरच्या वर मागते. आपल्याकडच्या मोठ्या उद्यानांतही जास्त पैसे दिले की वेगळ्या रांगेतून सोडतात.

म्हणजे फेरीचे पैसे गेले आणि रांगेचे आले. मग घरात काय होते? "मुलांचे आणि तुमचे घ्या ते जादा तिकीट. मी काय, बसेन बाहेर." आला की नाही जुना हिशेब मागच्या दाराने? माझे म्हणणे एवढेच, की जादा तिकीट घ्यायचे तर सगळ्यांचे घ्या, नाही तर कोणाचेच नको. साध्या रांगेत चौघे मिळून तासभर उभे राहिलात, तर मुलांशी जेवढे बोलणे होते, तेवढे घरी आठवड्यात होत नाही.

निघण्यापूर्वी एवढे करा

शक्यतो शनिवार-रविवार टाळा आणि तिकिटे आधी काढून ठेवा. ज्येष्ठांना सवलत असते, सासू-सासऱ्यांच्या वयाचा पुरावा जवळ असू द्या.

मुलांची उंची घरीच भिंतीशी उभे करून मोजा. मोठ्या खेळांना वय नाही, उंची लागते. दारात पट्टीखाली उभे करून परत पाठवले की धाकट्याचे रडणे आवरत नाही. कोणता खेळ मिळणार नाही, ते त्याला आधीच सांगा.

पाण्याच्या खेळांना साडी, ओढणी, सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. तिथे भाड्याने मिळतो, पण बाजारातून आपल्या मापाचा, गुडघ्याखाली येणारा पोशाख घेऊन ठेवलात तर संकोचही वाटत नाही आणि तो पुढेही उपयोगी पडतो. मंगळसूत्र, बांगड्या घरीच ठेवाव्यात हे बरे. दिवस गेलेले असतील, रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असेल, तर मोठ्या खेळांच्या वाटेला जाऊ नका. तिथल्या पाट्या नीट वाचा.

मात्र असे काही नसेल, तर 'मला चक्कर येते' हे वाक्य यंदा घरी ठेवून निघा. आरंभी सौम्य खेळ निवडा, बसल्या जागी नेम धरायचा किंवा होडीतून फिरायचा. ते जमले की एक पायरी वर. ओरडावेसे वाटले तर खुशाल ओरडा. तिथे सगळेच ओरडतात, तुमच्याकडे कोणी पाहणार नाही. मुलांना मात्र मोठी गंमत वाटेल. त्यांनी आपल्या आईला घाबरून हसताना बहुधा कधी पाहिलेलेच नसते.

आणि पिशव्या? दाराशी भाड्याचे लॉकर असतात. चौघांच्या तिकिटांपुढे ते भाडे फार नाही. किल्ली 'ह्यां'च्या खिशात द्या आणि रांगेत मुलांच्या पुढे उभ्या राहा.